भंगारातली स्प्रिंग आणि आमची बग्गी

चाकणमध्ये राहून गाडीचा पार्ट नवाकोरा विकत घेणं म्हणजे कोकणात जाऊन नारळ विकत घेण्यासारखं आहे, असं आमच्या टीममधल्या एका हुशार सभासदाचं मत आहे. (कोकणातसुद्धा नारळाला पैसे पडतात, हे त्याला मालवणच्या रूममेटने लगेच ऐकवलं, ते सोडा!) पण त्याचं अगदीच चूक नाही. तळेगाव चौकात दहा मिनिटं उभे राहा, नव्या गाड्या लादलेले दोन-चार ट्रेलर तरी समोरून जातील. बजाजच्या मोटारसायकली, महिंद्रची स्कॉर्पिओ-एन, फोक्सवॅगनच्या कार, सगळं इथेच बनतं. जिथे गाड्या बनतात तिथे गॅरेजं असतात, आणि जिथे गॅरेजं असतात तिथे भंगारवाले असतातच. मग आपल्या बग्गीला जुन्या स्प्रिंगा का नकोत?

या एका प्रश्नावर आमच्या टीमच्या तीन मीटिंगा झाल्या. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली. आकडेमोड मात्र माझी आहे, ती तपासून बघायला हरकत नाही.

बग्गी कशासाठी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बाहा’ ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली आणि २००७ मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या भारतीय शाखेने ती इंदूरजवळच्या पिथमपूरला आणली. मुलांनी स्वतः एक माणूस बसेल अशी, खड्ड्याखळग्यांतून जाणारी गाडी बनवायची. कठीण भाग म्हणजे चार तासांची एन्ड्युरन्स रेस. माती, दगड, उड्या, आणि चार तास गाडी टिकली पाहिजे. तिथे निम्मं काम इंजिनचं आणि निम्मं सस्पेन्शनचं, असं आमचे सीनियर म्हणतात.

आता पैशाचं गणित. स्प्रिंग नवी वळून घेता येते. भोसरीच्या एमआयडीसीत ऑर्डरप्रमाणे स्प्रिंग करून देणारे छोटे कारखाने आहेत. पण चारच नग म्हटल्यावर भाव चढतो. भंगारात आम्हाला सांगितलेला भाव त्याच्या चौथाईसुद्धा नव्हता. वाचलेल्या पैशात टायर येतात! टीममध्ये दोन पार्ट्या पडल्या त्या इथेच.

कडक म्हणजे मजबूत नव्हे

जुनी स्प्रिंग घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा काय करतो? हाताने दाबून बघतो. दबली नाही की म्हणतो, “एक नंबर आहे!” वास्तविक गाडीची कोणतीच स्प्रिंग हाताने दबत नाही. आणि कडक स्प्रिंग चांगली, हा समज तर सगळ्यात महाग पडणारा.

आधी आपल्याला किती कडक हवी ते काढायचं. समजा बग्गी ड्रायव्हरसकट २४० किलो. त्यातले चाकं, हब वगैरे मिळून ६० किलो स्प्रिंगच्या खाली असतात, म्हणजे स्प्रिंगवर येणार १८० किलो. त्याचे ६० टक्के मागे धरले तर १०८, म्हणजे मागच्या एका चाकाच्या वाट्याला ५४ किलो. आता ही ५४ किलोची वस्तू सेकंदाला किती वेळा वरखाली झुलावी? आम्ही १.८ वेळा असं ठरवलं. त्यासाठी चाकापाशी सुमारे ६.९ न्यूटन प्रति मिलिमीटर एवढा कडकपणा लागतो. (वस्तुमान गुणिले कोनीय वारंवारतेचा वर्ग. दुसऱ्या वर्षाचा व्हायब्रेशनचा तास आठवा.)

पण स्प्रिंग चाकावर बसत नाही, आर्मच्या मध्ये कुठेतरी तिरकी बसते. आमच्या डिझाइनमध्ये चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ६ मिमी दबते. या ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ ने भागायचं. उत्तर आलं १९. म्हणजे आम्हाला १९ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपासची स्प्रिंग हवी होती. कारच्या मागच्या बाजूची एखादी ४० ची स्प्रिंग उचलून लावली असती, तर झुलण्याचा वेग १.८ वरून २.६ वर गेला असता. म्हणजे चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी उडत राहणार, आणि प्रत्येक खड्डा ड्रायव्हरच्या पाठीत मोजला जाणार. हा आकडा खिशात नसताना भंगाराच्या दुकानात जाणं म्हणजे माप न देता शर्ट शिवायला टाकणं.

व्हर्नियर घेऊन जा, पण रंग खरवडून मोजा

स्प्रिंगवर तिचा कडकपणा छापलेला नसतो. पण तो तीन मापांवरून काढता येतो: तारेची जाडी, वेढ्याचा सरासरी व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. जाडीचा चौथा घात घ्यायचा आणि त्याला पोलादाच्या शिअर मोड्युलसने गुणायचं (अंदाजे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी). खाली व्यासाचा घन, गुणिले वेढे, गुणिले ८. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची एक स्प्रिंग आम्ही मोजली. तार ८ मिमी, सरासरी व्यास ५० मिमी, काम करणारे वेढे १६. उत्तर २०.५. आम्हाला हवे होते १९. म्हणजे जमण्यासारखी!

आता गंमत बघा. जाडीचा चौथा घात असल्यामुळे ८ च्या जागी ७.५ धरलं, तर २०.५ चे एकदम १५.८ होतात. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे, आणि कडकपणात तेवीस टक्क्यांचा फरक! उलट, दुकानदाराने तारेवर चारी बाजूंनी पाव मिलिमीटरचा काळा रंग चढवला असेल तर तुमचा व्हर्नियर ८.५ दाखवेल आणि तुम्ही २६ ची स्प्रिंग समजून २०.५ ची घरी आणाल. म्हणून पॉलिश पेपरने एक नखाएवढी जागा धातूपर्यंत घासायची आणि तिथे मोजायचं. दुकानदाराने घासू दिलं नाही तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

वेढे मोजताना टोकाचे टेकलेले वेढे धरायचे नाहीत. ते फक्त बसायचं काम करतात. आणि वेढे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असतील, तर ती स्प्रिंग दबता दबता कडक होत जाणारी आहे. तिला एक आकडा लागू पडत नाही.

हिशेब खरा की खोटा हे कॉलेजमध्ये तपासता येतं. एसओएम लॅबमध्ये स्प्रिंग टेस्टिंगचं मशीन आहे, सरांना विचारून अर्धा तास मिळतो. ते बंद असेल तर हॉस्टेलच्या जिमच्या प्लेटा! स्प्रिंगच्या आतून सळई घालून ती सरळ उभी राहील अशी सोय करायची, आधी २० किलो ठेवून उंची मोजायची, मग ६०. वाढलेले ४० किलो म्हणजे ३९२ न्यूटन. उंची १९ मिमीने कमी झाली तर ३९२ भागिले १९, म्हणजे २०.६. सूत्राचं उत्तर आणि जिमचं उत्तर जुळलं, की मोजमाप बरोबर आहे असं समजायला हरकत नाही. (पाय लांब ठेवा. प्लेट पायावर पडली तर माझं नाव सांगू नका.)

म्हातारी स्प्रिंग मऊ होत नाही, बुटकी होते

हा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात आवडला. “जुनी झाली, मऊ पडली” असं सगळे मेकॅनिक म्हणतात, आणि गाडी खाली बसलेली दिसते हे खरंच आहे. पण वरचं सूत्र पुन्हा बघा. त्यात वयाला जागाच नाही. तार तेवढीच, व्यास तेवढाच, वेढे तेवढेच, आणि पोलादाचा मोड्युलसही वर्षानुवर्षं बदलत नाही. तार गंजून बारीक झाली नसेल तर जुन्या स्प्रिंगचा कडकपणा जवळपास नव्याइतकाच असतो.

बदलते ती तिची उंची. वर्षानुवर्षं वजन झेलून, कधी क्षमतेबाहेर दबून, तार कायमची थोडी वळते आणि स्प्रिंग काही मिलिमीटर आखूड होते. गाडी बसते ती यामुळे. म्हणून जुनी स्प्रिंग घेताना काहीही वजन नसतानाची उंची मोजणं फार महत्त्वाचं, आणि जोडीतल्या दोन्हींची मोजणं त्याहून महत्त्वाचं. दोघींत ५ मिमीचा फरक असला तर आमच्या बग्गीच्या चाकापाशी तो ८ मिमी होतो, आणि गाडी एका खांद्याने झुकलेली राहते. त्यामुळे आम्ही नियम केला: जोडी एकाच गाडीची, उंचीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको आणि कडकपणात पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको.

पूर्ण दबल्यावर किती उंची उरते तेही पाहायचं. आमच्या नमुन्यात टोकाचे धरून १८ वेढे, म्हणजे १४४ मिमी. मोकळी उंची २५० होती. म्हणजे दबायला जागा १०६ मिमी, त्यातले ४३ नुसत्या वजनाने गेले. उरले ६३, म्हणजे चाकाला वर जायला साधारण १०५ मिमी. त्याच्या आधी बंप स्टॉप लागला पाहिजे, नाहीतर वेढ्यावर वेढा आपटतो.

आणि एक विनंती. स्प्रिंग उंच वाटली म्हणून वेढा कापू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग मऊ नाही, आणखी कडक होते. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन टेंपर केलेलं असतं, टॉर्चच्या ज्योतीने ते एका मिनिटात उतरतं. वेल्डिंगची ठिणगीसुद्धा तिच्यावर पडू देऊ नये.

जे व्हर्नियरला दिसत नाही

इथपर्यंत सगळं जुन्या स्प्रिंगच्या बाजूने झालं. कडकपणा मोजता येतो, उंची मोजता येते, भाव चौथाई. मग तीन मीटिंगा कशाला झाल्या?

कारण एक गोष्ट मोजता येत नाही: तिचं किती आयुष्य उरलंय. पोलाद एकदा जोरात ताणून तुटतं तसंच ते थोडंथोडं लाखो वेळा पिळूनही तुटतं. फटीग म्हणतात तो हाच. आमची बग्गी सेकंदाला १.८ वेळा झुलली, तर चार तासांत जवळपास २६,००० झोके होतात. पण त्या स्प्रिंगने आपल्या हातात येण्याआधी मोटारसायकलवर ट्रिपल सीट बसवून किती लाख झोके खाल्ले, हे तिलाच ठाऊक. ही नोंद कोणत्याही व्हर्नियरवर उमटत नाही.

फटीगची सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावर होते. पिळताना सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, त्यातही वेढ्याच्या आतल्या बाजूला. म्हणून कारखान्यात स्प्रिंगवर बारीक छर्ऱ्यांचा मारा करतात. त्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि भेग सहजासहजी उघडत नाही. पण रंग उडाला, गंज लागला, गंजाने टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पाडला, की हा थर तिथे संपला आणि भेगेला आयती जागा मिळाली. स्प्रिंगा बऱ्याचदा टोकाच्या वेढ्यापाशी तुटतात ते याचमुळे. तिथे ती सीटवर घासते, चिखल साठतो आणि रंग आधी तिथलाच जातो.

हे तपासायला आमच्या वर्कशॉपच्या काकांनी एक जुना उपाय दाखवला. स्प्रिंग स्वच्छ धुवायची, रॉकेल किंवा डिझेलमध्ये तासभर बुडवून ठेवायची, बाहेर काढून फडक्याने अगदी कोरडी करायची आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. बाजारात यासाठी लाल डाय असलेले स्प्रेसुद्धा मिळतात. पण लक्षात ठेवा, रेघ उमटली तर स्प्रिंग नक्की बाद, न उमटली तर ती नक्की चांगली असं नाही. अजून न उघडलेली भेग तेलाला सापडत नाही.

दुकानात काय विचारायचं?

सीनियर लोक ‘कुदळवाडीला जा’ असं सांगायचे. चिखली-कुदळवाडीचा भंगारबाजार खरंच मोठा होता, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. त्यामुळे जुन्या वहीतले पत्ते धरून निघू नका, आधी फोन करा. पुण्यात नाना पेठ ही स्पेअर पार्टची जुनी पेठ आहे, तिथे निदान नव्या-जुन्याच्या भावाचा अंदाज येतो. आणि २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार नोंदणी झालेली वाहन-स्क्रॅपिंग केंद्रं असतात. तिथून पार्ट घेतला तर तो कोणत्या गाडीचा हे कळतं, बिलही मिळतं.

एका दुकानात आम्हाला चकचकीत काळ्या स्प्रिंगा दाखवल्या. “ताई, एकदम नवा माल आहे, कंपनी रिजेक्ट!” मी विचारलं, “दादा, रिजेक्ट का केला?” ते हसले. “तेवढं कंपनीला विचारा!” माझ्या मते यात सगळं आलं. कंपनीने बाद केलेला माल पुन्हा वापरात येऊ नये म्हणून सहसा कापून-वाकवून भंगारात देतात. तो अखंड बाहेर आला असेल तर एक तर त्यात आपल्याला न दिसणारा दोष आहे, नाहीतर तो मागच्या दाराने आलाय. दोन्हींत आपल्याला पडायचं नाही. वापरलेली स्प्रिंग परवडली, निदान तिने कुठेतरी काम केलेलं असतं!

थोडक्यात यादी: गाडी कोणती आणि किती साल चाललेली? अपघातातली तर नाही? जोडी आहे का? घासून मोजू द्याल का? बिल मिळेल का? आणि शॉकअपवर चढवलेली स्प्रिंग दुकानात हाताने सोडवायचा पराक्रम करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दात पाडते. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतो, तोच वापरावा.

घरच्या जीपचे पाटे

हॉस्टेलमधल्या एकाच्या घरी, जुन्नरकडे, जुनी महिंद्र जीप आहे. त्याने विचारलं, “आमच्या जीपला तर पाटे आहेत, मग?” प्रश्न रास्त आहे. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडची जीप म्हणजे पाट्यांचीच. २०१० च्या थारलासुद्धा मागे पाटे होते, २०२० च्या थारला चारी बाजूंना कॉइल स्प्रिंगा आल्या.

पाट्यांचं तत्त्व तेच, तपासायच्या जागा वेगळ्या. मेन पाट्याचा डोळा आणि मधलं सेंटर बोल्टचं भोक, या दोन जागी भेग आधी शोधायची. पाटे वेगळे करून बघायचे, कारण तुटलेला पाटा जुडग्यात दिसत नाही. दोन्ही बाजूंचे पाटे मोजायचे, जाडी मोजायची. जमिनीवर उपडे ठेवून मध्ये किती उंची येते ते दोन्हींचं ताडून बघायचं. यू-बोल्ट मात्र जुने वापरू नयेत. एकदा ताणून कसलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देईल याची खात्री नसते.

आणखी एक. नंबर प्लेट असलेली गाडी उंच करण्याचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलंय. कंपनीच्या मापाची स्प्रिंग बदलणं वेगळं, गाडीचं रूप बदलणं वेगळं.

मग घ्यायची की नाही?

तिसऱ्या मीटिंगमध्ये आमच्या ड्रायव्हरने (तो एरवी फार बोलत नाही) एकच वाक्य टाकलं. “पैसे टीमचे वाचणार, पण स्प्रिंग तुटेल तेव्हा आत मी असेन.” त्यानंतर कुणी टायरच्या किमतीचा विषय काढला नाही.

उडी मारून उतरताना मागची एक स्प्रिंग तुटली, तर तो कोपरा एकदम बसतो. तुटलेलं टोक टायरमध्ये किंवा ब्रेकच्या होजमध्ये घुसू शकतं, आणि वळणावर गाडी उलटू शकते. रोल केज असतो, बेल्ट असतो, सगळं खरं. पण ते सगळं झाल्यावर उपयोगाला येणारं.

म्हणून आम्ही असं ठरवलं. आमची गेल्या वर्षीची बग्गी आहे, जिच्यावर आम्ही प्रॅक्टिस करतो आणि डिझाइन तपासतो. तिला जुन्या स्प्रिंगा. १६ ची, २० ची, २५ ची, अशा तीन-चार जोड्या स्वस्तात आणायच्या, बदलून बदलून चालवायची, वेग कमी ठेवायचा, उड्या बंद, दर सेशननंतर टोकाचे वेढे तपासायचे. कोणता कडकपणा चांगला हे त्यावर शिकायचं. आणि तो आकडा पक्का झाला की रेसच्या गाडीसाठी त्याच मापाच्या चार नव्या स्प्रिंगा भोसरीत वळून घ्यायच्या, टेस्ट रिपोर्टसकट. यात पैसेही वाचतात, कारण नवी स्प्रिंग एकदाच आणि बरोबर मापाची घेतली जाते. अंदाजाने नवी घेऊन ती चुकीची निघणं हा सगळ्यात महागडा पर्याय.

मोजता येतं तेवढ्यासाठी जुन्या मालावर भरवसा ठेवायला हरकत नाही. जे मोजता येत नाही, त्याच्यावर मित्राला बसवायचं नाही.

आम्ही मोजलेल्या प्रत्येक जोडीची नोंद वर्कशॉपमध्ये, टूल क्रिबच्या खिडकीत टांगलेल्या हिरव्या वहीत आहे: कोणत्या गाडीची, तार, व्यास, वेढे, उंची, सूत्राचं उत्तर आणि मशीनचं उत्तर. ज्युनिअर्सनी ती जरूर वापरावी आणि स्वतःची मापं त्यात लिहावी. फक्त काकांचा पेन परत ठेवा!